नानांना न विचारता

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, वाचनालयांतल्या मित्रांनो, आणि पहूरच्या अक्का,

मला बोलता येणार नाही असं मी सांगितलं होतं. तरी मला उभं केलंत. आता बोलतोच. नाना गेले त्याला आज बारा दिवस झाले, आणि या बारा दिवसांत मी स्वतःशी फक्त एकच गोष्ट बोलतोय. ती आज इथे, तुमच्यासमोर कबूल करायची आहे. नाना असताना करायला हवी होती. केली नाही.

मी धुळ्याचा. कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. नाना मूळचे दोंडाईचाकडचे, नोकरीनिमित्त जळगावात राहिले. वाचनालयातल्या पुस्तकांची कार्डं मराठीत, अकारविल्हे छापून देणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. एवढंच काम, दुसरं काही नाही. आणि फ्लॉपीवर प्रोग्रामसोबत त्याचा सगळा कोडही ते देऊन टाकत. वाचा, बदला, वाटा. तेव्हा असं कोण देत होतं हो? आम्ही लोक तर चार ओळीसुद्धा लपवून ठेवायचो.

त्यांचा एकच रिवाज होता. काही नवीन घालायचं असेल तर आधी पोस्टकार्ड टाकायचं. काय घालायचंय, कुणाला हवंय, एवढं लिहायचं. नाना उत्तर द्यायचे. चूक दुरुस्त करून पाठवली तर लगेच घ्यायचे. नवी सोय म्हटली की दहा प्रश्न विचारायचे.

मी कार्ड टाकलं नाही. मला वाटलं, एवढं भारी काम पाहून नाना खूश होतील. सभासदांची नोंद, पुस्तकं देणं-घेणं, रंगीत पडदे, सगळं तीन महिने खपून घातलं आणि एसटीनं फ्लॉपी घेऊन त्यांच्या घरी गेलो. नानांनी दोन दिवस बसून ओळ न ओळ वाचली. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "काम झकास शे रे भाऊ. पन हाई आठे, मन्हा प्रोग्राममा, नको. तू माले आधी इचारं का नही?"

मी भडकलो. म्हटलं, नाना, कोड सगळ्यांसाठी खुला आहे ना? मग मला अडवणारे तुम्ही कोण?

असं बोललो मी. त्या माणसाला.

नाना शांतपणे म्हणाले, "कोड बठ्ठासना शे. पन निस्तरनं माले पडस. तू लिखी देशी नि निंघी जाशी. मंग हाई कोन सांभाळी?" वेगळा प्रोग्राम कर, वेगळं नाव दे, माझा यादीचा कोड त्यात वापर, मी मदत करतो, असंही म्हणाले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

आणि मग मी काय केलं? बोदवडला वाचनालयवाल्यांची बैठक होती. तिथे माझ्या फ्लॉप्या वाटल्या. नाव नानांच्या प्रोग्रामचंच. पडद्यावर नावही नानांचंच. आत माझं काम. न सांगता.

त्यातली एक फ्लॉपी पहूरला पोचली. तिथल्या मशीनला हार्डडिस्क नव्हती, सगळं फ्लॉपीवरच. माझ्या नोंदींनी जागा भरली. जुनी यादी पुसली गेली आणि नवी अर्धीच उतरली. अक्कांनी दोन वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन टाइप केलेली यादी, मित्रांनो!

नाना स्वतः पहूरला गेले. आठवडाभर बसून छापलेल्या कार्डांवरून यादी पुन्हा टाइप केली. निघताना त्यांना भर वाचनालयात ऐकावं लागलं, "नाना, तुमच्या प्रोग्रामनं माझी दोन वर्षं गिळली." त्यानंतर पहूरहून त्यांना कधी पोस्टकार्ड आलं नाही.

कोड उघडल्याबरोबर नानांना कळलं असणार कुणाचं काम आहे ते. माझा हात ते ओळखायचे. मी नंतर भीत भीत विचारलं, नाना, पहूरला काय झालं होतं? म्हणाले, "जुनी चूक व्हती. करी टाकी दुरुस्त."

माझं नाव घेतलं नाही. माझ्यापाशी नाही, कुणापाशीच नाही. मीही गप्प बसलो. वर्षानुवर्षं गप्प बसलो! आज सकाळपासून तिघांनी मला विचारलं, आता हा प्रोग्राम तुम्हीच सांभाळाल ना? मी कुठल्या तोंडाने हो म्हणू? कुणाला विचारू? सांगा ना, कुणाला विचारू?

अक्का, तुम्ही आज सगळा राग विसरून आलात. तुम्ही ज्या माणसावर रागावलात त्याची चूक नव्हती. ती फ्लॉपी माझी होती.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. पण अक्का, त्याआधी तुम्हाला मला काही बोलायचं असेल तर बोला. इथे सगळ्यांसमोर बोला. मी ऐकतो.