सात तासांत एकवीस दात

सन्माननीय अध्यक्ष भिमाजीआबा, व्यासपीठावरील संचालक मंडळ, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते संघाचे ड्रायव्हर खंडेराव, समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई आणि द्राक्षबागायतदार बंधू-भगिनींनो,

वर्कशॉपच्या माणसाला माईक देऊ नये, तो पान्यासारखा धरतो, असं आबा मघाशी म्हणाले. मान्य. मी नववी नापास. रेफ्रिजरेशन शिकलो ते कंपन्यांची माहितीपुस्तकं वाचून, मांडीवर शब्दकोश घेऊन. म्हणूनच अर्धा अंश इकडचा तिकडे झालेला मला खपत नाही.

अठ्ठ्याण्णव साली संघाने द्राक्षं बंदरावर न्यायला रीफर, म्हणजे गार पेटीचा ट्रक घेतला. त्याचं कूलिंग युनिट निवडायचं काम आबांनी माझ्यावर सोपवलं. दोन युनिटं होती. एक ट्रकच्याच इंजिनावर चालणारं, दुसरं स्वतःचं छोटं डिझेल इंजिन असलेलं. अकरा दिवस मी दोन्ही तपासली. सिन्नरपर्यंत जायचं, परत यायचं. पेटीत पुढे, मध्ये आणि दाराशी असे तीन थर्मामीटर. पहिलं लवकर गार करायचं, डिझेल कमी खायचं, वजनाला हलकं. तेच घ्या, असा चौदा पानी अहवाल वाचला, टाळ्या पडल्या.

एकटे खंडेराव म्हणाले, "पुंजाभाऊ, गाडी उभी राहिली तं?"

उभी ठेवायला घेतली का गाडी, असं मी म्हणालो. सगळे हसले. खरी गोष्ट अशी, की अकरा दिवसांत मी भरलेली गाडी एकदाही उभी ठेवून पाहिली नव्हती.

दुसऱ्याच महिन्यात कसारा घाटात टँकर आडवा झाला. सात तास रस्ता बंद. उभ्या ट्रकचं इंजिन मंद, म्हणून कॉम्प्रेसरही मंद. बंदरावर पेट्या उघडल्या तर मणी मऊ पडलेले. माल परत आला आणि बोलणं सुरू झालं, की ड्रायव्हरने इंजिन बंद करून डिझेल विकलं. आबांनी गाडीतला, तापमानाची रेघ आपोआप ओढणारा गोल तक्ता माझ्यापुढे ठेवला. यावरून काही कळतं का, म्हणाले.

मंडळी, इंजिन बंद असतं तर रेघ सरळ वर गेली असती. ती करवतीसारखी होती. खंडेराव ॲक्सिलरेटर दाबून धरत होते, पाय भरून आला की सोडत होते, पुन्हा दाबत होते. सात तासांत एकवीस दात. मी मोजले. आणि म्हणालो, "नाही आबा, सांगता येत नाही."

कारण पुढचा प्रश्न, युनिट कोणी निवडलं, हाच आला असता.

खंडेरावांना खाली उतरवून रिकाम्या खोक्यांच्या टेंपोवर घातलं. नऊ वर्षं. पुढच्या हंगामात दुसरं युनिट आलं, तेही मीच बसवलं आणि सत्कार घेतला.

आज सकाळी त्यांना म्हणालो, बोलतो. तर म्हणाले, "आज नका काढू भाऊ. लोकं जेवायला आलेत."

आता बोलून काय होणार? टेंपोवरची नऊ वर्षं कुठल्या पान्याने उघडू? आबा, जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती होत असेल तर करा. नसेल होत, तर माझ्या हातात काही नाही.

चंद्रभागाबाई, गावात तुमच्या घराला डिझेलवाल्यांचं घर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. इंजिन चालू होतं. तेव्हापासून माझ्याकडेच राहिलेला तक्ता इथे टेबलावर ठेवतो.

संघाने बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल ते आपण पोटात घाला. बाकीची माफी खंडेरावांनी द्यायची, आणि ते मघापासून माझ्याकडे बघत नाहीत.