डांगरात भोपळा नसतो

—नाही मामी, हे तुम्हाला सांगायचंच नाही असं आईने मला बजावलंय. डांगर मागायचं आणि भांडं घेऊन वर यायचं, खरं कारण सांगायचं नाही. 'क्षमा, तू तशीही कोणाशी बोलत नाहीस, म्हणून तुलाच पाठवते' — असं म्हणाली. तिला माहीत नाही ना, मी इथे किती बोलते ते. आत येऊ? मामा झोपलेत का? मग हळू बोलते. तर, दोन पाहुणे अचानक आलेत. — सांगून झालं. एवढंच सांगायचं होतं. आता खरं सांगते, कारण तुम्ही त्या नजरेने बघायला लागलात की मला राहवत नाही. दोन नाहीत, हॉलभर आहेत, आणि अचानक तर मुळीच नाहीत. बाबांना प्रमोशन मिळालं ना, त्याची पार्टी आहे. तुम्हाला आवाज येतच असेल म्हणा, आमची जमीन म्हणजे तुमचं छत. मघाशी धप्प झालं ते भालेराव साहेब सोफ्यावर बसले. बाबांचे साहेब. ते बसले की बाकीचे बसतात, ते हसले की बाकीचे हसतात, आणि ते एकच विनोद तिसऱ्यांदा सांगताहेत, त्यामुळे बाबांचे गाल दुखत असणार.

काय? तुम्हाला का नाही बोलावलं? अहो, ते फक्त ऑफिसचे लोक आहेत म्हणून. ऑफिसचे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लावण्या आंटी, आणि समोरच्या ब्लॉकमधले ते दोघं, ज्यांचा कुत्रा भुंकतो. कुत्रासुद्धा आलाय. — अय्यो. हे पण सांगायचं नव्हतं.

मुळात तुमच्या डांगराचा काही विषयच नव्हता, मामी. आईला हवं होतं डिप. बटाट्याच्या चिप्सबरोबर डिप. चिप्स कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, समोर कढईतून काढून देतात त्या, पण डिप मात्र घरचंच हवं, स्पेशल, कारण भालेराव मॅडम म्हणे सगळीकडे जातात आणि काय घरचं होतं, काय विकतचं होतं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगतात. मग व्हिडिओ बघून बघून आईने दह्याचा चक्का टांगला. कुठे? स्वयंपाकघरातल्या नळाला. कशात? बाबांच्या नव्या मलमलच्या रुमालात. कधी? मे महिन्यात, चेन्नईत! दुपारपर्यंत ते असं आंबलं की बाबांनी बोटभर चाखून बघितलं आणि एक डोळा मिटला तो किती वेळ उघडेचना. मग आईने त्यात मेयोनीज घातलं. मग लसूण. मग पिझ्झाबरोबर त्या पुड्या येतात ना, ती साठवून ठेवते, त्या सगळ्या फोडून घातल्या. मग वास घेतला, केस सारखे केले आणि तुमच्याकडे आली — 'मामी, काहीतरी पटकन सुचवा हो' — सहज आल्यासारखी. तुम्ही बिचाऱ्या लगेच डबा काढलात. उडदाची डाळ गुलाबी भाजून हिंगाबरोबर दळलेलं पीठ तुमच्याकडे असतंच, घट्ट दह्यात कालवलंत, वर मोहरी-मिरचीची फोडणी, आणि आमचं घर वाचलं.

तुमचं ते भांडं ना? आहे, आहे. हरवलेलं नाही. वॉशिंग मशीनच्या मागे आहे. — म्हणजे त्याचं काय झालं, त्याच्यावर तुमचं नाव कोरलंय ना, वसंता राघोत्तम राव, तेही तमिळमध्ये. टेबलावर कसं ठेवणार? म्हणून आईने डांगर काचेच्या बोलमध्ये काढलं, वर कोथिंबिरीचं एक पान उभं केलं, आणि भांडं तिकडे सरकवलं. घासून ठेवलंय मी. मीच घासलं.

आणि काय उडालं मामी ते डांगर! तुम्ही बघायला हव्या होतात. सगळ्या आंट्या पैठण्या नेसून आल्यात, या उकाड्यात, एसीच्या बरोब्बर खाली एकमेकींना ढकलत उभ्या, कागदी ताटल्यांनी वारा घेताहेत आणि म्हणताहेत, 'या लोकांना कसं सहन होतं गं बाई इथलं हवामान.' या लोकांना! स्वतःची मुलं इथेच वाढून लग्नाला आली तरी भाजीवाल्याशी बोलायला एकच शब्द येतो, वेंडाम. नको. सगळं नकोच. पण डांगर नको कोणी म्हणालं नाही. 'माझं डाएट आहे हं' म्हणायचं, एक चिप अशी करंगळी वर करून उचलायची, आणि तिने बोलचा तळ खरवडायचा. चिप तुटली तर दुसऱ्या चिपने पहिली शोधायची.

मग विचारलंच कोणीतरी, हे काय आहे म्हणून. आता आईला एवढंच म्हणायचं होतं की हे डांगर आहे, आमच्या खालच्या वसंता मामींनी दिलंय. आठ शब्द. मी ओठांत म्हणूनसुद्धा बघितले. पण आई म्हणाली — 'हे ना, हे आमचं खानदेशी डांगर. ह्यांच्या आजीची रेसिपी.' बाबांची आजी एरंडोलची होती, एवढं खरं. आई स्वतः ठाण्याची. खानदेश तिने गाडीच्या खिडकीतून पाहिलाय. आणि भालेराव मॅडम, मामी — तुम्ही हसणार नाही ना? — भालेराव मॅडम निघाल्या चाळीसगावच्या! त्यांनी चिप खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'डांगर? अगं, आमच्याकडे डांगर म्हणजे भोपळा! लाल भोपळा! हे भोपळ्याचं आहे? जिभेला लागत नाही गं भोपळा.'

हसा, हसा, मला पण तेव्हा हसू आलं होतं, पण मी कुत्र्याकडे बघत राहिले. आणि आई काय म्हणाली सांगा? 'नाही हो, हे मामींचं' म्हणाली? 'चुकले' म्हणाली? छे. आई म्हणाली, 'तीच तर गंमत आहे, मॅडम. भोपळा आहे, पण कळत नाही.' झालं! आता मॅडमना ते शिकायचंय. 'जयवंती, तू आणखी थोडं कर, मी शेजारी उभी राहून बघते, मोबाईलवर घेते.' म्हणून आधी मला मागच्या दाराने दुकानात पिटाळलं, लाल भोपळा आणायला, परंगिक्काय. दुकानदार विचारतो किती, मी म्हटलं, दाखवण्यापुरता. अर्धा भोपळा ओट्यावर ठेवलाय, नुसता, पाहुण्यासारखा. आणि आता आई मॅडमना फ्लॅट दाखवतेय, म्हणजे तोवर मी इथून तयार डांगर नेईन आणि आई म्हणेल, 'अगबाई, झालंसुद्धा!' पण दोन बेडरूमचा फ्लॅट दाखवायला किती वेळ लागणार? एव्हाना कपाटं उघडून दाखवत असेल.

आणि अजून एक निरोप आहे. मामी, तो माझा नाही, हं. आईने विचारलंय, ह्या वेळच्या डांगरात थोडा भोपळा किसून घालाल का? निदान रंगापुरता? नाहीतर हळद तरी जास्त घाला म्हणाली. — असं बघू नका माझ्याकडे. मला ठाऊक आहे डांगरात भोपळा नसतो. तुमच्या आईच्या आईने तंजावरला कधी घातला नाही, आणि तुम्हीही घालणार नाही. मी तसंच सांगते. मी सांगेन की मामी नाही म्हणाल्या. — म्हणजे मी काहीच सांगणार नाही, भांडं नुसतं ओट्यावर ठेवेन.

नाही, तुमचा विषय निघाला नाही. — निघाला, पण थोडाच. अहो, मॅडमच म्हणाल्या की जिना चढताना पहिल्या मजल्यावर अस्सा हिंगाचा वास आला, अगदी ह्याच फोडणीचा, तिथे कोण राहतं? मग आई म्हणाली... काही नाही. म्हणाली, त्या ओळखीच्या आहेत. ओळखीच्या म्हणजे... येतात म्हणाली. म्हणजे 'मदतीला येतात' असं काहीतरी. 'त्यांना मी डाळ भाजून ठेवायला सांगितली होती.' — मामी, तिला तसं म्हणायचं नव्हतं! गडबडीत माणूस काहीही बोलतो. तुम्ही बँकेत मॅनेजर होतात हे तिला काय माहीत नाही? तिच्या लॉकरचं काम तुम्हीच तर करून दिलंत, ती बाहेर खुर्चीवर बसून पेढा खात होती! आणि मॅडम पुढे काय विचारणार हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? मॅडमनी विचारलं, मराठी आहेत का त्या? तर आई म्हणाली, मराठीच, पण तंजावरची, जरा जुनी, बिघडलेली, आणि मग ते तुमचं 'काय करूनलेतीस गं' आहे ना, ते तिने करून दाखवलं. हात असा कमरेवर ठेवून. सगळे हसले. मी नाही हसले. ...माझे ओठ हलले असतील तर असतील. सगळे हसत असताना एकटीने तोंड मिटून उभं राहायचं म्हणजे सगळे तुमच्याकडेच बघतात, मामी.

गॅस का बंद केलात? फोडणी व्हायचीय ना अजून?

मामी, काहीतरी बोला ना. तुम्ही 'शनियन' म्हणून शिव्या घाला, 'पो डी' म्हणून हाकला, काहीही म्हणा, पण असा पाठ करून ओटा पुसू नका. हे बघा, भांडं नाही दिलंत तरी चालेल. मी वर जाऊन सांगते मामी घरी नाहीत. आईला भालेराव मॅडमसमोर भोपळा किसत बसू दे, किसू दे तिला सगळा! पण माझ्यावर दार लावून घेऊ नका. वर मला सगळे 'मुकी आहे का गं ही' म्हणतात. मी शाळेतून आले की जिन्यात तुमचा गजरा दिसतो का बघते, मगच माझं तोंड उघडतं. तुमच्या बिघडलेल्या मराठीत मी जेवढी बोलले ना, तेवढी आईच्या चांगल्या मराठीत कधी बोललेली नाही. आता तुम्हीही दार लावलंत तर मी कोणाशी बोलू? कुत्र्याशी?

...घालताय? डांगर घालताय भांड्यात? थँक्यू मामी. भोपळा नको, नको, असंच द्या, शुभ्र. पण हे तर मोठं भांडं आहे. आणि ह्याच्यावर तर नाव केवढं मोठं आहे, बाहेरूनच दिसतंय. दुसरं लहान नाही का? बरं. द्या इकडे, मी नेते.

द्या ना, मामी.

चष्मा कशाला? आणि एवढ्यात साडीसुद्धा बदलून आलात — ही तर तुमची लग्नाकार्याची साडी, कांजीवरम. तुम्ही... तुम्ही येताय वर? आत्ता? अहो, पण बोलावणं... नाही, म्हणजे या ना, तुमचंच घर आहे, पण तिथे मॅडम आहेत, आणि आई, आणि तो भोपळा, आणि तुम्ही दारात उभ्या राहून म्हणणार तरी काय?

काय? — 'मदतीला आले'? तुमच्या मराठीत? अस्संच, मोठ्याने?

अय्यो, मामी. अय्यो. आईचा चेहरा! नाही, नाही, तुम्ही खरंच असं करू नका, बाबांचे साहेब आहेत, आई रात्रभर रडेल आणि मग मला विचारेल तू खाली काय बडबडलीस, आणि मी काय सांगू, मी तर कधी बोलतच नाही... पण तुम्ही म्हणाल कसं? एकदा म्हणून दाखवा ना. हळू. फक्त एकदा. — ही ही! अगदी बँकेतल्यासारखं! थांबा, तुमचा पदर नीट करते. मागून गजरा सुटलाय. आता हे भांडं असं धरा, नाव बाहेरच्या बाजूला—

आईच आहे. जिन्यातून. 'क्षमा! मिळालं का गं?' — आले, आई! मिळालं! भरपूर मिळालं! — मामी, मी आधी वर जाऊन तिला जरा सांगते की तुम्ही... नको. नको, तुम्हीच पुढे व्हा, मी मागून तुमचं दार ओढून घेते आणि—