आधी प्रश्न, मग कान

नेब्रास्कातल्या एका गावच्या दवाखान्यात डोरीन रक्तदाब दाखवायला बसली होती. बाकीचे पेशंटही दोन-दोन खुर्च्या सोडून बसले होते. समोर म्हातारे वर्लिन कानातला मळ काढायला आले होते. नर्स प्रत्येक पेशंटला विचारायच्या प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्यापुढे ओरडत होती.

"आजोबा, गेल्या दोन आठवड्यांत उदास होतात का?"

"उपास? छे! सकाळीच तीन अंडी हाणली."

"उदास! मन लागत नाही, असं काही?"

"मन नाही गं, मळ! आधी कान साफ कर."

"नियम आहे. आधी प्रश्न, मग कान."

"मग मोठ्यानं विचार!"

"एकटं वाटतं का?"

प्रश्न अख्ख्या खोलीत घुमला.

"वाटतं," डोरीनच्या तोंडून निसटलं.

"मलाही," खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं.

"काय म्हणतात गं ते?" वर्लिननी विचारलं.

"एकटं वाटतं म्हणतात!"

"मग एवढे लांब लांब कशाला बसलेत?"