भोपळा कापायचा नाही, आपटायचा

नाही नाही, उघडू नकोस तो डबा, आधी ओट्यावरून खाली ठेव — सुऱ्याच आहेत ना? सहाचा संच, खोक्यावर चित्रच आहे. मागच्या वेळी आलीस तेव्हा ब्रेड कापायला म्हणून चार खण उघडलेस आणि मनात म्हणालीस, होणाऱ्या सासूकडे एक धड सुरी नाही, आपण नेऊ. मन चांगलं आहे गं तुझं. पण आमच्या घरात सुरी येत नाही, सात वर्षं झाली. भाजी मी चिरलेलीच आणते, फळं किसते, आणि केक दोऱ्याने कापते — दोन्ही हातांत दोरा ताणून धरायचा आणि सरळ खाली दाबायचा, काप असा निघतो की बघत राहावं. लोकांना वाटतं, काय बाईची कला आहे. वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ये, इकडे मागच्या पायरीपाशी ये. शिकायला आलीस ना, मग नीट शीक. पानगळ लागली की तीस माणसं जमतात आपल्याकडे, आणि येत्या रविवारी तुमचं लग्न जाहीर करायचंय, म्हणजे केक हाच — तोच म्हणाला असेल तुला, आईसारखा केक यायला हवा म्हणून. हो ना? मला माहितीये माझा मुलगा. तर पहिली गोष्ट, भोपळा कापायचा नाही, आपटायचा. दोन्ही हातांनी डोक्यावर उचल. अजून वर. आणि घाल त्या दगडावर — हं. तडकला की नाही? अजून एकदा, दातओठ खाऊन, लाजतेस कशाला, मी तर आपटताना कोणाकोणाची डोकी डोळ्यांसमोर आणते. गंमत केली गं, हस. आता बिया ओरबाडून काढ, एक शीर राहता कामा नये.

कोपर कशाने निळं झालं? बाही वर सरकली म्हणून दिसलं. दार लागलं. बरं. मलाही दारंच लागायची, आमच्या घरात दारं फार — चल, हे तुकडे पालथे घाल ट्रेमध्ये, तासभर भाजू देत, तोवर हा कालचा भाजलेला गर घे. फडक्यात बांध आणि पीळ. असा नाही, कोंबडीची मान पिरगळतात तसा. पाणी राहिलं की केक मध्ये बसतो, वरून सोन्यासारखा आणि आत चिखल. पिळलास? आता पातेल्यात टाक, लोणी, साखर, दालचिनी, चिमूटभर जायफळ, आणि ढवळत राहा, गराचंच लोणी झालं पाहिजे. पाठ वळवून उभी राहा, वाफ तोंडावर येते. तू ढवळ, मी तुझा डबा वर फळीवर ठेवते.

कारण विचारतेस? कारण काय असायचंय. ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचे, श्वास रोखून. तर असाच केकचा दिवस होता, भोपळा कापताना सुरी निसटली आणि उजव्या तळहातात आरपार गेली, दोन बोटं पुन्हा म्हणून मिटली नाहीत. चिमटा धरता येईना. दुकान बंद झालं, खिडकीशी बसून राहायचे, दोन वर्षांत गेले. म्हणून सुऱ्या नाहीत. एवढंच आहे.

थांबलीस का? उजव्याच म्हटलं मी. नाही, डावखुरे कुठले, चांगले उजव्या हाताने — ढवळ गं, तळाला लागेल. ढवळ. सात वर्षांत किती जणांना सांगितलं असेल हे, ह्यांच्या सख्ख्या बहिणीला, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, पण ज्या हातात सुरी त्याच हातात सुरी कशी घुसेल, हे एकानं विचारलं नाही. डॉक्टरांच्या मनात आलं असणार, पण ते टाके घालून मोकळे झाले. आणि तू आलीस तर लगेच — भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, तो हा असा.

त्या वर्षी माझं पिळायचं राहिलं. घाई झाली. बाहेर त्याचे साहेब, साहेबांची बायको, आणि त्या बाईंनी काप तोंडात घातला आणि हळूच रुमालात काढला. सगळ्यांनी पाहिलं. तोही हसला सगळ्यांबरोबर, मग आत आला, दार लावलं, हातात केकची सुरी तशीच. म्हणाला, "आई, तू मला मुद्दाम खाली बघायला लावलंस." हळू म्हणाला. तो ओरडत नाही, ठाऊकच आहे तुला, ओरडला असता तर मी पळाले असते. आधी केस धरले. मग तोंड ह्या ओट्याच्या कडेवर आपटलं, दोनदा — हे पुढचे दोन दात खोटे आहेत, बघ. मग सुरी वर गेली आणि ह्यांनी मध्ये हात घातला. पातंच मुठीत धरलं. आणि त्यानं ओढलं गं. बापाच्या मुठीत पातं आहे हे दिसत असताना, सावकाश ओढलं. लोण्याचं भांडं लाल झालं. ह्यांनी काय करावं, तर फडकं गुंडाळून बाहेर गेले आणि हसत सांगितलं, भोपळा कापताना सुरी निसटली. भोपळा तर केक होऊन पाहुण्यांच्या ताटल्यांत बसला होता. तेही कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या सुऱ्या ह्यांनी डाव्या हाताने भंगारात नेऊन दिल्या.

आणि मी तेच सांगत राहिले. पोटचा गोळा आहे, काय करू. आजही तुला केकच शिकवणार होते. खरं सांगू? तू घरात आलीस की माझ्या वाटणीचं तुझ्याकडे जाईल, असं मनात होतं माझ्या. केस पांढरे झाले आणि असला विचार केला मी. थुंक हवं तर तोंडावर.

रडू नकोस, वेळ नाही. साडेचारला येतो म्हणालाय ना तुला न्यायला? गॅस बंद कर. अंगठी काढ. निघत नाही? हे लोणी घे, चोळ बोटाला — निघाली बघ. ठेव त्या बशीत. आईकडे जाऊ नकोस, तो आधी तिथेच बघेल, मैत्रिणीकडे जा, आणि फोन बंद ठेव. मागच्या पायरीने उतर, सालांवरून पाय घसरेल, जपून. मी सांगेन त्याला, पोरीला केक जमला नाही, मीच हाकलली. माझं काय व्हायचंय आता?

हा तुझा डबा, धर. आत्ता उघडू नकोस. तिथे पोचल्यावरही मोजू नकोस. पाच भरल्या तरी कुणाला बोलू नकोस.

गाडी थांबली. जा.