उजवीकडे फिरणारी मुलगी

(रशियातलं पेर्म शहर. बर्फाच्या रिंकलगतचा बाक. झ्लाता स्केटच्या बुटांच्या नाड्या आवळते आहे. तिच्या जोडीदाराचं, देम्यानचं नाक सुजलं आहे.)

देम्यान : दारावर आपटलं, सांगितलं ना.

झ्लाता : पीटर्सबर्गची दारं फार चपळ दिसतात. त्या दाराचं नाव उल्याना ना?

देम्यान : कोणी सांगितलं?

झ्लाता : सगळ्या रिंकला माहितीये, राजा. झाडूवाल्या मावशीसुद्धा मला धीर देऊन गेल्या.

देम्यान : तिच्याबरोबर जोडी जमते का, नुसतं करून बघायला गेलो होतो.

झ्लाता : आणि मला काय सांगितलंस? घसा धरलाय, ताप आहे. मी तुझ्या आईच्या हाती रास्पबेरीचा मुरंबा पाठवला. आजीच्या हातचा.

देम्यान : चांगला होता.

झ्लाता : खाल्लास?

देम्यान : पीटर्सबर्गच्या गाडीत. चहाबरोबर.

झ्लाता : वा. माझ्याच मुरंब्यावर दुसरी शोधायला निघाले साहेब.

देम्यान : तू या उन्हाळ्यात चार बोटं वाढलीस, झ्लाता. तुला डोक्यावर उचलतो तेव्हा माझे हात थरथरतात.

झ्लाता : मग हात वाढव. मी काय आजीसारखी खाली वाकत जाऊ? बरं, नाकाचं सांग.

देम्यान : तिला वर फेकलं. हवेत गिरकी घेऊन ती माझ्या हातात यायची होती. पण ती उजवीकडे फिरली. कोपर थेट नाकावर.

झ्लाता : थांब. ती उजवीकडे फिरते? आणि तू डावीकडे?

देम्यान : हं.

झ्लाता : आणि हे आधी कोणी विचारलंच नाही?

देम्यान : आईने फोनवर उंची विचारली, वजन विचारलं...

झ्लाता : कोंबडी घ्यायची होती का? बाजारात तरी माणूस याहून नीट विचारतो.

देम्यान : हस तू. पण शनिवारी ज्युनियर अजिंक्यपद आहे. कोच नीना ल्वोव्हना म्हणाल्या, झ्लाता हो म्हणाली तरच तुमची जोडी उतरेल.

झ्लाता : मला पण म्हणाल्या. म्हणूनच तू आज इतका गोड बोलतोयस.

देम्यान : नाही म्हणालीस तर तूही घरीच बसशील.

झ्लाता : माहितीये. रात्रभर तेच घोळत होतं डोक्यात. तुझ्यापायी मी घरी बसू? तेवढा मोठा नाहीस तू.

देम्यान : म्हणजे उतरायचं?

झ्लाता : उतरायचं. मुरंब्याची बरणी धुऊन परत आणायची. आणि उड्यांआधी आकडे आता तू मोजायचे.

देम्यान : मी? ते पहिल्यापासून तूच मोजतेस.

झ्लाता : हो. आणि तू डोळे झाकून माझ्या आवाजावर उडतोस. आता मी उडून बघते, तुझ्या आवाजावर.

देम्यान : आणि चुकलो तर?

झ्लाता : तर मी पडेन. पडायची मला सवय आहे. चल, इथेच, बर्फावर जायच्या आधी. मोज.

देम्यान : एक, दोन, ती—

झ्लाता : हळू. घाबरलास की घाई करतोस तू.