शंभरापर्यंत न हलता

"हॅलो?… कोण? मायाक्का! मोठ्यानं बोल गं, हितं लेथ चालू हाय…"

सत्त्याण्णवचा जुलै. कुपवाडच्या कारखान्यात मिलिंदनं दुसऱ्या कानात बोट घातलं. समोर त्याच्या नव्या चुंबकाची तार गुंडाळायचं रीळ लेथवर फिरत होतं. साताऱ्याहून थोरली बहीण बोलत होती.

"तुझ्या दीपमालाचं दवाखान्यातलं किरणांचं शेक किती झालं?… काय? सुरूच न्हाई? अगं, तीन म्हैनं झालं! गाठ वाढती म्हणून डॉक्टरनी बजावलं हुतं न्हवं?… कशासाठी थांबलीस?… माझ्या मशीनसाठी?"

त्यानं भिंतीला हात टेकला.

"अगं ऐक ना… व्हय, व्हय, मीच बोललो हुतो. जयंतीच्या मांडवात, सगळ्यांदेखत. प्रोटॉनचं किरण डोळ्यामागच्या गाठीपाशीच थांबत्यात, डोळा शाबूत ऱ्हातो… खोटं न्हवतं, आक्का. पर ते किरण सोडणारं मशीन, सायक्लोट्रॉन, हाय कुठं अजून? नुसता त्याचा चुंबक झालाय… तीन आठवडं गार केला, बर्फापरीस लय गार. मग तारंत वीज सोडली. निम्म्यावर बी गेली न्हाई तर तार एका जागी तापली, गार ठेवणारा सगळा हेलियम उडून गेला… व्हय, परत पहिल्यापासनं… कवा? आक्का, दीपमाला कॉलेजात जाईल तवा झालं तरी…"

त्यानं जीभ चावली.

माया रडायची ती आईसारखीच, जात्यावरच्या ओवीची शेवटची ओळ लांबवावी तशी.

"व्हय… शेकानं डोळा जाईल. जाईल कदाचित. जीव ऱ्हाईल गं… चूक माझी, तुझी न्हाई. उद्या पहिल्या एष्टीनं मिरजेला ये, तिथल्या दवाखान्यात शेक सुरू करू. मी स्टँडवर हाय… दाजींना मी सांगतो… कोण? दे, दे तिला."

फोनवर भाची आली.

"काय गं, दीपमाला?… रोज? दोन्ही कानांला उशा लावून? शंभरापर्यंत अजिबात न हलता पडतीस, मशीनखालची सवय म्हणून?… व्हय, मीच सांगितलं हुतं… उद्याचं मशीन? न्हाई बाळा, माझं न्हाई ते. माझ्याला… लय उशीर हाय. पर तिथं बी अस्संच पडायचं. दाव बघू, मोज. मी ऐकतोय… हां… वीस… हललीस का?… शाब्बास… चाळीस… हॅलो? दीपमाला?… हॅलो?"

लाईन तुटली होती. मालक कोंडीबा लेथ थांबवून काही विचारायला आले. मिलिंदनं हातानंच थांबा म्हटलं. मुका रिसीव्हर कानाशी धरून, मान न हलवता, तो पुटपुटत होता, "एक्केचाळीस… बेचाळीस…"

शंभर झाल्यावरच त्यानं फोन खाली ठेवला.