शेजारच्या खोलीतला निर्दोष माणूस

वाडीला आम्ही भाड्याने राहतो तिथलीच गोष्ट सांगते. तेव्हा मी एक जाडजूड कादंबरी वाचत होते. न केलेल्या खुनासाठी पोलीस एका माणसाच्या मागे लागतात आणि तो शहरात खोली घेऊन लपतो. नेमका त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतला नवा भाडेकरू दार लावून बसला. ज्या गोदामात कामाला होता तिथे जाईना, पाणीसुद्धा दुपारी सामसूम बघून भरायचा. माझं बाळ आठ महिन्यांचं. भीती तर वाटायचीच, पण त्या माणसाची कीवही यायची.

घरमालकीण काकू म्हणाल्या, "काही करून आला असंन. पोलिसांले सांगतो मी."

"नका सांगू काकू. तो निर्दोष असंन."

"तुले काय माहीत वं?"

"चारशे पानं वाचली मी."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्याचं दार वाजवलं. मी बाळाला कडेवर घेऊन मागे उभी होते.

बाळ कुरकुरलं तसा आतून आवाज आला, "ताईले दूर करा काकू. माता आली हाय मले, कांजण्या. लेकरू लहान हाय त्यायचं."

खुनाच्या संशयिताची बाजू घेणारी मी एका उडीत घरात.

"मंग माता आल्याची खूण म्हणून दाराले कडुलिंब काहून नाही बांधला गा?" काकूंनी विचारलं.

"बांधला असता तर तुम्ही खोली खाली कराले लावली असती. गावी आता कोणी नाही माहं."

काकूंनी कोपऱ्यावरून कडुलिंबाचा डहाळा आणून स्वतःच त्याच्या दाराला बांधला.

"झोपून राह्य," त्या म्हणाल्या. "आता तू लपलेला नाही, बिमार हायस."